वजावट म्हणजे अनुदानच का?

आपल्या सोलापूरच्याच एका ताईंचा प्रश्न आलाय. ताई अनुदानित शाळेत शिकवतात. घरी जेवताना त्यांचे मोहोळचे दीर म्हणाले, "आमच्या कांद्याच्या अनुदानावर सगळे बोलता, पण तुम्ही पण दरवर्षी ८०सी मध्ये सरकारचं अनुदानच घेता की!" (८०सी म्हणजे आयकरातली ती वजावट, एलआयसी-पीपीएफसारख्या बचतीत भरलेले पैसे टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून वजा करता येतात ती.) ताईंना ते लागलं. त्या विचारतात, वजावटीला अनुदान म्हणणं मराठीत चालतं का?

माझं मत, चालत नाही. पण भाऊजी अगदीच चुकले असं पण नाही हां.

आधी आपण बोलतो कसं ते बघा, म्हणजे शब्दाच्या मागची क्रियापदं बघा. अनुदान मंजूर होतं, रखडतं, खात्यावर जमा होतं आणि काहीजण ते लाटतात पण. २०२३ ला राज्य सरकारनं कांद्याला क्विंटलमागं ३५० रुपये जाहीर केले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, तेव्हा लोक पासबुक घेऊन बँकेत खेटे घालत होते, कारण पैसे तिकडून इकडं येणार होते. वजावटीचं तसं नाही. वजावट आपण दाखवतो, घेतो, नाहीतर सीए म्हणतो "ही बसत नाही". "वजावट जमा झाली का" असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. वजा हा मूळ अरबी शब्द, हिशोबातून बाजूला काढलेलं. अनुदानात दान आहे, म्हणजे देणारा पाहिजेच. चाटी गल्लीत ८५० ची चादर घासाघीस करून ८०० ला घेतली तर दुकानदारानं सूट दिली म्हणतो आपण, ५० रुपयांचं अनुदान दिलं म्हणत नाही. (आणि कपात वेगळी बरं का, पगारातून टीडीएस कापतात ती कपात, ती वजावटीत मिसळू नका, आमच्या ऑफिसात सगळे मिसळतात.)

आता भाऊजींची बाजू. ते अनुदानाऐवजी सबसिडी म्हणाले असते तर मी गप्प बसलो असतो. कारण मराठीत हे दोन शब्द आता एक राहिले नाहीत, सबसिडी जास्त पसरट झालाय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाला वीज कमी दरात मिळते, तिथं मागवाल्याच्या हातात एक रुपया येत नाही, फक्त बिलाचा आकडा कमी येतो, तरी आपण बिनधास्त सबसिडी म्हणतो. मग टॅक्सचा आकडा कमी आला तर का नाही म्हणायचं? अर्थशास्त्रवाले तर म्हणतातच. १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या स्टॅन्ली सरी यांनी असल्या सवलतींना करातून केलेला खर्च म्हणायला सुरुवात केली, सरकारनं घेतलं नाही म्हणजे दिल्यासारखंच. जागतिक व्यापार संघटनेच्या सबसिडीवरच्या करारात पण येणं असलेला महसूल सरकारनं सोडून दिला तर तो सबसिडीच्या व्याख्येत बसू शकतो. आपल्या केंद्राच्या २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीनं पीपीएफवरची करसवलत बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी लोकांना मिळणाऱ्या सबसिडीत धरली होती. आपलं केंद्र सरकार पण बजेटबरोबर सोडलेल्या महसुलाचा कागद देतं, त्याचं नाव आधी सोडून दिलेला महसूल अशा अर्थाचं होतं, नंतर बदलून कर-प्रोत्साहनांचा परिणाम असं काहीसं गुळगुळीत केलं. शब्दांवरून सरकारात पण भांडणं होतात म्हणायची.

पण इथं एक गोची आहे आणि मला खरी मजा तिथंच वाटते. वजावट या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. टॉवेलच्या कारखानदारानं सूत, मजुरी, वीजबिल वजा केलं तर ती सबसिडी नाही, कुणीच म्हणणार नाही, कारण ते वजा केल्याशिवाय त्याला कमाई किती झाली हेच कळत नाही. ८०सी तसं नाही. एलआयसी भरा, पीपीएफ भरा, दीड लाखापर्यंत, मग सरकार तेवढं उत्पन्न धरणार नाही, म्हणजे ते चुचकारणं आहे. आणि आयकराच्या जुन्या करपद्धतीत ते कुणाला किती पडतं बघा. ३० टक्क्याच्या स्लॅबमधल्या साहेबाचे सेससकट ४६,८०० वाचतात, २० टक्केवाल्याचे ३१,२००, आणि विडी वळणाऱ्या मावशीनं पोटाला चिमटा काढून पीपीएफ भरला तरी तिचे शून्य, कारण तिला टॅक्सच नाही. कांद्याचं अनुदान निदान क्विंटलवर होतं, ज्याचं उत्पन्न जास्त त्याला दर जास्त असलं काही त्यात नव्हतं.

तर ताई, कारखानदाराच्या खर्चाला नुसतं वजावट म्हणा, ८०सी ला करसवलत म्हणा, वाद घालताना सबसिडी म्हटलं तरी मी हरकत घेणार नाही, पण अनुदान नको, तो शब्द खात्यावर जमा होणाऱ्या पैशाला राहू द्या. तसंही तुमचा पगार ज्या अनुदानातून होतो ते भाऊजींच्या लक्षात आलेलं दिसत नाही, ते तुम्ही होऊन सांगू नका. आणि शेतीच्या उत्पन्नाला आयकरच माफ आहे हा मुद्दा तुमच्याकडं आहे, पण तो आत्ता काढू नका, कांद्याला जरा भाव येऊ द्या.