चित्रातला भिकारी बघताना

आधी चेहरा सोडा, हात बघा. पसरलाय, कटोरा धरलाय की कुबडीत अडकलाय? मग क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. ती बसलेल्या भिकाऱ्याच्या डोक्यावरून जात असेल तर आपण उभ्याने, म्हणजे देणाऱ्याच्या जागेवरून बघतोय. नवखे इथेच फसतात, ‘करुणा’ लिहून मोकळे होतात. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलच्या १५६८ च्या वीतभर चित्रात पांगळ्यांच्या डोक्यावर मुकुट आणि बिशपची टोपी, कपड्यांना कोल्ह्याच्या शेपट्या. टवाळी किती नि कळवळा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. डच चित्रकार रेम्ब्रांटने तर १६३० च्या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) भिकाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिला! भिकारी चित्राऐवजी कथेत असेल, तर बघण्याची जागा निवेदक ठरवतो. तिथे भिकाऱ्याला नाव आहे का, मागण्यापलीकडे तो काही बोलतो का, एवढं नोंदवा.