चौकटीतलं दुसरं नाव

"ताई, माझे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. १९७१ला ते पूर्व पाकिस्तानात लढले, सुभेदार म्हणून पेन्शनीत आले आणि दोन वर्षांपूर्वी गेले. गाव त्यांना 'वीरचक्रवाले आबा' म्हणतं. येत्या २६ जानेवारीला ग्रामपंचायत वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभी करतेय. मी शाळेत मास्तर, म्हणून पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. वीरचक्राचं मानपत्र शोधायला गेलो, तर संरक्षण मंत्रालयाच्या यादीत आबांचं नाव नाही. मग भिंतीवरची चौकट उतरवली. त्यात पाच टोकांचा एक तारा आहे आणि चार गोल पदकं आहेत. वीरचक्राच्या फोटोशी त्यातलं एकही जुळत नाही. शिवाय एका पदकाच्या कडेवर भलत्याच माणसाचं नाव कोरलंय. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, 'मेलेल्या माणसाची चौकशी लावतोस?' काकांनी बोलणंच टाकलंय. काकांच्या १९९४च्या लग्नपत्रिकेत आबांच्या नावामागे 'वीरचक्र विजेते' छापलेलं आहे, म्हणजे आबांना हे माहीत होतं. आजी एक्याऐंशी वर्षांची आहे, तिला अजून काही बोललो नाही. मजकूर पंधरा दिवसांत द्यायचाय. गप्प बसू का? आणि ताई, मला अहो-जाहो करू नका."
— अस्वस्थ नातू, सातारा जिल्हा

नाही करत अहो-जाहो. आणि तू गप्प बसू नकोस. पंधरा दिवसच हातात आहेत, म्हणून हे पहिल्यांदा सांगते. पण "आबा खोटं बोलले" असंही अजून कुणापाशी म्हणू नकोस, स्वतःच्या मनाशीसुद्धा नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तिथेच तुला काही दिवस काढायचे आहेत.

तुला मिळालेल्या गोष्टी नीट लावून बघू. वीरचक्र हे चांदीचं गोल पदक असतं, त्याची फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र आणि महावीरचक्रासोबत ते सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७पासूनच्या कामगिरीला लागू केलं गेलं. ते राष्ट्रपतींच्या नावाने दिलं जातं आणि भारताच्या राजपत्रात छापून येतं. म्हणून त्याचा माग काढता येतो. मात्र यादीत एकदा नाव टाकून बघितलं आणि मिळालं नाही, एवढ्यावर थांबू नकोस. आपल्याकडच्या जवानांची नावं भरतीच्या वेळी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत उतरवलेली असतात. घरात ज्ञानोबा, तर पलटणीत ज्ञानू. कुणाचं आडनाव पुढे, कुणाचं मागे, कुणाचं गळलेलंच. आबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, काढ. त्यातलं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर तसंच घे आणि आर्मी नंबर शेजारी ठेवून पुन्हा शोध. नावं सारखी असू शकतात, नंबर एकाचाच असतो.

दुसरा पुरावा घरातच आहे, आजीच्या पेन्शनच्या कागदांत. वीरचक्राला केंद्र सरकारकडून दरमहा भत्ता मिळतो. २०१७ साली तो महिना ७,००० रुपये झाला. सैनिक गेल्यावर तो त्याच्या पत्नीला मिळतो, आणि राज्य सरकारची रक्कम वेगळी असते. आजीच्या पासबुकात नुसतं कुटुंब निवृत्तिवेतन जमा होत असेल, तर तुझी शंका बळावते. तरी तेवढ्यावर निकाल लावायचा नाही, कारण हक्काचे पैसे न मागितलेली माणसंही आपल्याकडे कमी नाहीत.

तुझ्या चौकटीतला पाच टोकांचा तारा मला 'पूर्वी स्टार' नावाचं पदक वाटतो. १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर जे होते त्यांना तो मिळाला, पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार. गोल पदकांमध्ये बहुधा संग्राम मेडल असेल, आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदकही असेल. १५ ऑगस्ट १९७२ला जो जो सेवेत होता, त्याला ते मिळालं. सैन्य सेवा मेडल असेल तर फितीवरची धातूची पट्टी वाच. तिच्यावर 'हिमालय' असेल, तर आबांनी कुठल्या थंडीत दिवस काढले ते तुला कळेल. आणि एक बारीक गोष्ट: एखाद्या फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह आहे का, ते भिंग घेऊन बघ. युद्धाच्या अहवालात कामगिरीचा नावानिशी उल्लेख झाला की ते चिन्ह मिळतं. ते वीरचक्र नव्हे, पण तो शौर्याचाच मान आहे, आणि चौकटीच्या काचेतून तो सहज नजरेतून सुटतो.

आता 'वीरचक्रवाले आबा' हे नाव आलं कुठून? वीरचक्राच्या मधोमधही ताराच कोरलेला असतो. गावातल्या चार माणसांनी छातीवर तारा पाहिला आणि त्याला चक्र म्हटलं, इतकं साधंही हे असू शकतं. किंवा पलटणीत "नाव गेलंय" अशी बोली असते, म्हणजे वरिष्ठांनी शिफारस लिहून पाठवली. शिफारस गेलेल्या सगळ्यांना पदक मिळत नाही. रजेवर आलेल्या जवानाने पारावर "माझं नाव गेलंय" म्हटलं, तर पुढचं वाक्य गावच पूर्ण करतं.

माझे सासरे हवालदार म्हणून घरी आले. एसटीतून उतरले त्या दिवसापासून गावाने त्यांना सुभेदार केलं. सुरुवातीची काही वर्षं ते प्रत्येकाला थांबवून "हवालदार" म्हणायचे. मग थकले आणि सोडून दिलं. ते गेल्यावर प्रथम पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत त्यांच्या नावामागे 'कॅप्टन' छापून आलं. छापायला जाण्याआधी तो मजकूर माझ्या हातात होता. दिरांचं मन कशाला मोडायचं, म्हणून मी काही बोलले नाही. बारा वर्षं झाली. ती पत्रिका कपाटात आहे आणि ती मला बघवत नाही. ज्या माणसाने हयातभर हवालदार या शब्दाची लाज बाळगली नाही, त्याच्या माघारी आम्हीच ती लाज त्याला चिकटवली.

म्हणून तुला घाई करते आहे.

लग्नपत्रिकेचं काय, हा तुझा सगळ्यात टोचणारा प्रश्न आहे, आणि तो मी गोड बोलून उडवणार नाही. मुलाच्या लग्नाची पत्रिका बापाने वाचली नसेल असं होत नाही. आबांनी तो शब्द पाहिला असणार आणि राहू दिला असणार. हे चुकलंच. तुला त्याचा राग आला, वाईट वाटलं, तर त्यात त्यांचा अपमान नाही. ज्यांना वीरचक्र मिळतं, त्यांच्या नावामागे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, लिहून दिलेलं असतं, आणि तो कागद पायरी पायरीने वर गेलेला असतो. तो शब्द उसना घेता येत नाही, आबांनाही नाही. पण एका शब्दापाशी गप्प राहिलेला माणूस आणि सगळी लढाईच बनावट सांगणारा माणूस, हे एक नव्हेत. तुझ्या चौकटीतला तो तारा 'पूर्वी स्टार' असेल, तर आबा तिथे होते याबद्दल शंका उरत नाही.

आणि जंगी पलटण तिथे होती म्हणजे कुठे होती, हे तुझ्या पाचवी-सहावीच्या मुलांना माहीत असायला हवं. डिसेंबर १९७१मध्ये पहिली मराठा जमालपूरच्या मागे जाऊन ढाक्याची वाट अडवून बसली. आत पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. शरण या, असं पत्र आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पाठवलं, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. मग १० तारखेच्या रात्री त्या पलटणीने वेढा फोडायचा प्रयत्न केला. अंधारात त्यांचे लोक थेट मराठ्यांच्या मोर्चांवर, म्हणजे खंदकांवर, चालून आले, आणि मोर्चे हलले नाहीत. जंगी पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांना वीरचक्र मिळालं आणि 'जमालपूर' हा युद्धसन्मान पलटणीच्या नावे लागला. त्या रात्री मोर्चात बसलेल्या बहुतेक जवानांच्या वाट्याला वेगळं शौर्यपदक आलं नाही. मोहिमेचा तारा आला. आबा त्या रात्री तिथे होते का, हे डिस्चार्ज बुकातल्या तारखा सांगतील. असतील, तर पाटीवर काय लिहायचं याची चिंता तुला राहणार नाही.

आता कामाचं. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे. तिथे अर्ज कर. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि पेन्शनीत आल्याची तारीख लिही आणि आबांना मिळालेल्या सर्व पदकांची यादी माग. अर्जावर सही आजीची हवी, कारण विचारण्याचा पहिला हक्क तिचा आहे. अर्जाची एक प्रत घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे बहुधा माजी सैनिकच बसलेले असतात, त्यांच्यासाठी ही विचारणा नवी नाही. चौकटीचे फोटो सोबत ने. पण ते गावाच्या किंवा भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नकोस. तिथे दोन तासांत तट पडतील आणि मग खरं काय याच्याशी कुणाला देणंघेणं उरणार नाही.

उत्तर पंधरा दिवसांत येईलच असं नाही. म्हणून सरपंचांना आधीच एकटं गाठ आणि सांग, "कागद हातात येईपर्यंत वीरचक्र हा शब्द कोरायला देऊ नका. आला तर मी स्वतःच्या खर्चाने कोरून घेईन." तोवर पाटीवर एवढं लिही: 'सुभेदार', मग आबांचं पूर्ण नाव, 'पहिली मराठा लाईट इन्फंट्री (जंगी पलटण), १९७१च्या भारत-पाक युद्धातील सैनिक'. त्यात एक अक्षर कमी वाटलं तर मला पुन्हा पत्र लिही. कमान थांबवायची गरज नाही. आबांच्या नावाची कमान त्या वेशीला शोभेल.

पप्पा आणि काकांशी वाद घालू नकोस. "चौकशी लावतोस" हा शब्द त्यांना लागलाय, तो तू वापरू नकोस. "आबांचे कागद पूर्ण करतोय" म्हण, आणि खरोखर तू तेच करतो आहेस. एक गोष्ट मात्र त्यांना स्पष्ट सांग: आज हे घरात निघालं तर घरात मिटेल. कमान झाल्यावर पलटणीतलाच कुणी माजी सैनिक ती पाटी वाचून विचारेल, तेव्हा उत्तर देणारे आबा नसतील आणि मान खाली घालायची वेळ आजीवर येईल.

हे सगळं लिहिताना माझं लक्ष सारखं एकाच गोष्टीकडे जातंय, आणि तुझ्या पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे. ते कडेवरचं दुसरं नाव. मोहिमांच्या आणि सेवेच्या पदकांवर ज्याचं त्याचं नाव, नंबर, हुद्दा कोरून येतो, तो उगाच नाही. तुमच्या भिंतीवर इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचं तरी पदक टांगलेलं आहे. बिऱ्हाड बदलताना दोघांची पदकं अदलाबदल झाली असतील. आबांचं हरवलं असेल आणि जागा भरायला जुन्या बाजारातून दुसरं आणलं असेल, तसंही लोक करतात. किंवा तो आबांच्या शेजारच्या मोर्चातला जोडीदार असेल, आणि त्याच्या घरी पोचवायचं म्हणून घेतलेलं पदक पोचवायचं राहून गेलं असेल. यातलं काहीही असलं, तरी कुठल्यातरी गावात एका चौकटीत एक जागा रिकामी आहे. तुझ्यासारखाच कुणी नातू तिथे असेल, आणि त्याच्या आजोबांनी सांगितलेलं घरात कुणी खरं मानत नसेल, कारण दाखवायला पदक नाही.

बेळगावच्या अर्जात तो नंबर आणि ते नाव वेगळ्या परिच्छेदात लिही. हे पदक आमच्याकडे आहे, ते त्या कुटुंबाला परत करायचं आहे, असं सरळ लिही. पत्ता मिळाला तर पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन जा.

पण अर्जावर आजीची सही घ्यायला बसशील, तेव्हा वीरचक्राचा विषय आधी काढू नकोस. चौकट तिच्या मांडीवर ठेव, ते पदक तिच्या हातात दे आणि कडेवरचं नाव तिला मोठ्याने वाचून दाखव. मग थांब. तिला वेळ लागेल.