आधी इंजिनावर हात ठेवा

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी नॉर्थ कॅरोलिनात, चॅटम काउंटीत सात एकर जागा घेतली. जमीन चढउताराची आहे. सरपण, कोंबड्यांचं खाद्य, पाण्याचे कॅन रोज इकडून तिकडे न्यावे लागतात. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात आणि खालच्या वाफ्यापर्यंत त्यांना चालवत नाही. शेडमध्ये वीज नाही, म्हणून गॅसवर चालणारी, मागे हौदा असलेली जुनी गोल्फ कार्ट घ्यायचं ठरवलं आहे.

दोन बघितल्या. पहिली 2006ची क्लब कार कॅरीऑल टर्फ 2. ती एका विद्यापीठाच्या बाग विभागातून लिलावात निघालेली आहे. रंग उडालेला, हौद्याला पोचे, सीट फाटलेलं. किंमत 2,900 डॉलर. दुसरी 1999ची इ-झी-गो वर्कहॉर्स, 4,300 डॉलरला. तिला नवा काळा रंग, नवं सीट, मोठी चाकं आहेत आणि गाडी सहा इंच उचललेली आहे. आठ वर्षं ती समुद्रकाठच्या बंगल्यावर होती. यजमानांना दुसरी आवडली आहे. आम्हा दोघांनाही इंजिनातलं काही कळत नाही. फोटो सोबत जोडले आहेत. काय बघून घ्यावं?

— एक वाचक, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : ताई, दुसरी गाडी घेऊ नका. पहिली घ्यायची की नाही ते पुढच्या शनिवारी सकाळी अर्ध्या तासात ठरेल. ते कसं, हे मी सविस्तर लिहितो.

आधी भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस नव्हे. ही बॅटरीवरची नसून पेट्रोल इंजिनाची गाडी आहे.

मी बावीस वर्षं जॉर्जियात, ऑगस्टाच्या आसपासच्या गोल्फ मैदानांवर गाड्यांची देखभाल केली. या गाड्यांचं माहेर तेच. इ-झी-गो 1954 साली ऑगस्टात सुरू झाली. क्लब कार मूळची ह्यूस्टनची, पण साठच्या दशकात तीही ऑगस्टाला आली. यामाहाचा कारखानाही जॉर्जियातच, न्यूननला आहे. त्याआधी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये शिकलो. काका गिऱ्हाइकाची गाडी आली की आधी इंजिनाच्या हेडवर (वरच्या भागावर) हात ठेवायचे आणि मग विचारायचे, "काय होतंय?" माझ्या मते जुनी गाडी घेताना याहून मोठी परीक्षा नाही.

म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या सीट उचला आणि इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर थांबा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन पुष्कळ दुखणी झाकतं. मी स्वतः 2003 साली नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी एक गाडी घेतली. विकणारा म्हणाला, आत्ताच चक्कर मारून आलो. पायाखाली पेडल दाबताच इंजिन लागलं, मी पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत वीस मिनिटं सेल मारूनही ती लागेना. लागली तेव्हा मागे निळा धूर पसरला आणि तो काही थांबला नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. मी त्या धंद्यातला माणूस, माझ्या हातात सगळी हत्यारं होती, तरी ते इंजिन उतरवून बांधायला मला तीन रविवार लागले. तुमच्याकडे ते तीन रविवार नाहीत.

आता दुसरीला नाही का म्हणतो. वर्कहॉर्सची चेसी पोलादी असते. समुद्रकाठी आठ वर्षं राहिलेली पोलादी चेसी आणि वर ताजा काळा रंग, हे एकत्र दिसलं की मला मालवणच्या मावशीच्या खिडकीचे गज आठवतात. दरवर्षी दिवाळीला रंग, आणि एका पावसाळ्यात गज हातात आला. रंगाच्या आत काय उरलंय ते फोटोत दिसत नाही. विशेषतः बॅटरीखाली आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) जोडाजवळ गंज आतून खातो. शिवाय त्या काळातल्या या गाड्यांत बहुधा रॉबिनचं दोन सिलिंडरचं इंजिन असतं. इंजिन चांगलं, पण त्यात टायमिंग पट्टा, म्हणजे झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा असतो. पंचवीस वर्षांत तो कधी बदलला याचा कागद विकणारा दाखवू शकेल का, विचारा.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. उचललेली गाडी आणि उताराची जमीन. या गाड्यांना वाहन उलटलं तर सांभाळणारी चौकट डोक्यावर नसते, सीटबेल्ट नसतात, आणि बहुतेकांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तेही तारेवर ओढले जाणारे. सहा इंच उंच केली की वजन वर जातं आणि आडव्या उतारावर ती सहज कलंडते. त्यात सासूबाई बसणार आहेत. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. मोठ्या चाकांचा मोह मला कळतो, पण मी माझ्या आईला त्या गाडीत बसवलं नसतं.

पहिलीकडे येऊ. फोटोत इंजिनाच्या झाकणावर एफई350 ही अक्षरं दिसतात. हे कावासाकीचं 351 सीसीचं एकसिलिंडर फोरस्ट्रोक इंजिन, सुमारे 11 अश्वशक्तीचं. यात टायमिंग पट्टा नाही. तेल वेळेवर बदललं तर हे इंजिन थकत नाही, अशा गाड्या मी पंधरा-पंधरा वर्षं रोज चालवलेल्या पाहिल्या. क्लब कारची मुख्य चेसी ॲल्युमिनियमची असते, तिला तसा गंज लागत नाही. पुढच्या बाजूचे पाटे, ब्रेकच्या तारा आणि बोल्ट मात्र लोखंडीच, ते बघायला लागतील. आणि ती विद्यापीठाची होती, ही मला जमेची बाजू वाटते. अशा संस्थांत गाडीची कामाची वही असते. ती मागा. मागताना संकोच करू नका, लिलावातून घेणाऱ्याकडे तिची प्रत पुष्कळदा असते. पोचे पडलेला हौदा म्हणजे गाडीनं काम केलंय. कामाच्या गाडीला मी कधी नाकारत नाही.

इंजिन थंड आहे हे कळलं, की सुरू करण्याआधी तेलाची पट्टी ओढा. वास घ्या. तेलाला पेट्रोलचा वास आला आणि पातळी खुणेच्या वर असली, तर इंधन पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरतंय. पंप स्वस्त मिळतो, पण पातळ तेलावर इंजिन किती दिवस चाललं हा प्रश्न राहतो. वास नाही पण पातळी जास्त आहे, तर कुणीतरी प्रेमानं जादा ओतलंय. ही चूक फार सामान्य आहे. या इंजिनाला जेमतेम सव्वा लिटर लागतं. जादा झालं की एअर फिल्टरच्या डब्यात तेल येतं आणि धूर निघतो. म्हणून फिल्टरचं झाकणही उघडा.

आता पेडल दाबा. या गाड्यांत वेगळा स्टार्टर नसतो. एकच यंत्र पट्ट्यावर बसून सेलही मारतं आणि इंजिन लागलं की डायनॅमो होऊन बॅटरीही भरतं. पाय काढला की इंजिन बंद पडतं. ते बिघडलेलं नाही, तशीच रचना आहे. थंडीत चोक ओढावा लागेल. पहिल्या लागण्याला थोडा निळसर धूर येऊन अर्ध्या मिनिटात विरला, तर चालेल. तो चालूच राहिला तर गाडी न घेता घरी परता. काळा धूर आला तर कार्बोरेटर किंवा फिल्टर, त्याला घाबरायचं कारण नाही. इथलं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं असतं, गाडी दोन महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा बसतो. उभ्या राहिलेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं दुखणं हेच.

एक सूचना : कुणी ओळखीचा कंप्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) घेऊन आला आणि आकडा कमी दाखवला, तर लगेच गाडी सोडू नका. या कावासाकीत सेल सोपा जावा म्हणून कंप्रेशन थोडं सोडून देणारी सोय असते, त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. शंका राहिली तर मेकॅनिककडून लीक-डाऊन चाचणी करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायचं.

मग ती गाडी मोकळी चालवू नका. सोबत खाद्याची पन्नास पौंडांची चार पोती न्या, हौद्यात टाका, यजमानांना शेजारी बसवा आणि चढावर चढवा. गिअरच्या जागी इथे दोन पुली आणि मध्ये पट्टा असतो, अगदी ॲक्टिव्हामध्ये असतो तसा. आपल्याकडे किनेटिक होंडानं ऐंशीच्या दशकात ही रचना घराघरात नेली, तेव्हा उद्यमनगरातले जुने मिस्त्री ती खोलून बघायला जमले होते. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी चढत नाही, रबर जळल्याचा वास येतो, तर पट्टा गुळगुळीत झालाय. पट्टा बदलता येतो. पुली सुटताना-धरताना दणका बसत असेल तर खर्च मोठा, तेवढा किमतीतून कापून मागा. चढाच्या माथ्यावरून उतारावर या आणि ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे, एका बाजूला ओढायला नको. पूर्ण थांबल्यावरच पुढचा-मागचा खटका बदला आणि ऐका. मागच्या धुऱ्यातून घरघर येत असेल, किंवा चाकांच्या आत तेल ओघळलेलं असेल, तर मी ती गाडी घेणार नाही. परत सपाटीवर आलात, की पुढचं टायर वरून आणि खालून धरून हलवा. खडखडलं तर बुश गेलेत. ते काम फार नाही.

कागदांचं थोडक्यात. गोल्फ कार्टला बहुधा कारसारखं टायटल (मालकीचा सरकारी कागद) नसतं, म्हणून सही-तारखेसह विक्रीची पावती हवीच आणि तीत सिरियल नंबर लिहून घ्या. क्लब कारचा नंबर डॅशबोर्डखाली पट्टीवर असतो. अक्षरांनंतरच्या चार आकड्यांतले पहिले दोन वर्ष आणि पुढचे दोन आठवडा सांगतात. तिथे 06 आलं पाहिजे. पट्टी खरवडलेली असेल तर बोलणीच थांबवा, आणि पैसे देण्याआधी गाडी चोरीची नाही ना, हे तो नंबर देऊन शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयात तपासून घ्या. ही गाडी तुमच्या जमिनीवर चालवा. सार्वजनिक रस्त्यावर न्यायची असेल तर आधी तुमच्या गावाचे नियम विचारा.

सगळं जमलं, तर 2,900 ऐवजी 2,500 सांगा. बॅटरी, प्लग, दोन्ही फिल्टर, दोन्ही पट्टे आणि तेल यांसाठी तीनेकशे डॉलर वेगळे ठेवा आणि हे सगळं पहिल्याच आठवड्यात बदला, जुनं चांगलं दिसलं तरी. सीट फाटलंय त्याची चिंता नको, त्यावर जाड गोधडी शिवून घाला; सासूबाईंना नव्या रेक्झिनपेक्षा तीच सोसेल. त्या बसण्याच्या बाजूला धरायला दांडा आहे का, तो हलत नाही ना, हे मात्र स्वतः ओढून बघा.

धुराचा रंग मला कळवा.

प्रश्न : टेक्सासात जुनी क्लब कार घेतली. दोन महिने छान चालली, आता पेडल दाबलं की नुसता 'टक' आवाज येतो. विकणाऱ्यानं फसवलं का?

— एक वाचक, ह्यूस्टनजवळ

उत्तर : 'टक' येतो ही चांगली खूण आहे. किल्ली, पेडलखालची बटणं आणि फ्यूज शाबूत आहेत. फसवलं असं मी म्हणणार नाही. चाकांना ओंडके लावा, मीटर बॅटरीला जोडा. उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. घरातल्या कुणाला पेडल दाबायला सांगा. आकडा दहाच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे, किंवा तिच्या टोकांवर पांढरं साचलंय. टोकं खरवडून घट्ट करा आणि इंजिनाकडे जाणारी अर्थची तारही विसरू नका. या दुखण्यात मी पहिल्यांदा तिच्याकडेच जातो. आकडा टिकून राहिला आणि तरी नुसता 'टक', तर सोलेनॉइडची, म्हणजे सेलला वीज सोडणाऱ्या खटक्याची, आतली टोकं जळालीत. ते अर्ध्या तासात बदलतं, पण आधी बॅटरीची तार सोडा. नवं बसवल्यावर इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 च्या वर व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत, तर डायनॅमोचे ब्रश किंवा रेग्युलेटर बघावा लागेल. नाहीतर नवी बॅटरीसुद्धा पुन्हा दोन महिन्यांत बसेल.