एनएफएलमध्ये गांजा चालतो का? चालत नाही, खपवून घेतात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, गांजा मोकळा केला असेल तर चाचण्या अजून का घेतात, आणि इथे क्लब फुटबॉल खेळणाऱ्या तुमच्या भाच्याला तेच नियम लागू होतात का. पहिल्याचं उत्तर असं की मोकळा केलेलाच नाही. शिक्षा बोथट झाली, नियम जागच्या जागी आहे.

लघवीच्या चाचणीतून खेळाडू नशेत होता की नाही हे कळतच नाही. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, चरबीत साठतं आणि त्याचे अवशेष लघवीत उतरत राहतात. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे. म्हणून किती नॅनोग्रॅमला 'सापडला' म्हणायचं ते कुणीतरी ठरवावं लागतं. एनएफएलमध्ये ते लीग आणि खेळाडूंची संघटना वाटाघाटीत ठरवतात. खरी गोम इथेच आहे.

क्लीव्हलँड ब्राउन्स संघाच्या जॉश गॉर्डनचं प्रकरण बघा. तेव्हा मर्यादा मिलिलीटरमागे १५ नॅनोग्रॅम होती. एकच नमुना दोन बाटल्यांत वाटतात. त्याच्या 'ए' बाटलीत १६ निघाले, 'बी'मध्ये १३.६. 'बी'मध्ये अंश नुसता आढळला तरी पुरे, असा नियम. बाटल्यांची अदलाबदल झाली असती तर गडी सुटला असता! आधीची प्रकरणं खात्यावर होतीच, त्यामुळे २०१४चा अख्खा हंगाम बंदी. पुढच्याच महिन्यात नव्या करारात मर्यादा ३५ झाली आणि त्याची बंदी १० सामन्यांवर आली. विज्ञान महिन्याभरात बदललं नव्हतं. आणि त्याच वर्षीचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळले कोण, तर डेन्व्हर आणि सिअ‍ॅटल. दोन्ही संघांच्या राज्यांनी गांजा २०१२मध्येच कायदेशीर केलेला.

२०२०च्या करारात मर्यादा १५० झाली. सापडलात म्हणून बंदी, हे बंद झालं. चाचणी फक्त सराव शिबिराच्या सुरुवातीच्या काळात. (आधी ती २० एप्रिलपासून सुरू व्हायची. गांजावाल्यांचा सणच तो. लीगला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?) त्याच करारात संघमालकांना हंगामात १७वा सामना घालायची मुभा मिळाली. माझ्या मते गांजावरची सूट हा त्या सौद्यातला मालकांना सगळ्यात स्वस्त पडलेला भाग. डिसेंबर २०२४मध्ये मर्यादा ३५० वर गेली.

दंड मात्र चालूच. रँडी ग्रेगरी या खेळाडूने २०२४मध्ये लीग आणि डेन्व्हर ब्रॉन्कोस संघावर दावा लावला, कारण दंडाची रक्कम पाच लाख डॉलरच्या वर गेली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ड्रोनाबिनॉल, म्हणजे कृत्रिम टीएचसी, आपण घेत होतो असं त्याचं म्हणणं. लॉकर रूममध्ये टोराडॉल या वेदनाशामकाची इंजेक्शनं वर्षानुवर्षं सर्रास दिली गेली. दुखण्यावर कुठलं औषध 'सभ्य' हे कोण ठरवतं, हा खेळाडूंचा राग मला रास्त वाटतो.

आता भाचा. त्याला एनएफएलचं काहीही लागू नाही. इथे नाडा ही भारताची उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे पर्यायाने वाडा या जागतिक संस्थेचे नियम. गांजावर बंदी स्पर्धेच्या काळापुरती, आणि तो काळ सामन्याच्या आदल्या रात्री ११.५९ला सुरू होतो. मर्यादा १५० नॅनोग्रॅम. पण वर लिहिलेलं विसरू नका: अवशेष रेंगाळतात, त्यामुळे आठवडाभरापूर्वीचं सेवनही सामन्याच्या दिवशी महागात पडू शकतं. भांगेची पानं १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून होळीची थंडाई निर्धोक असं पोरं धरून चालतात. प्रयोगशाळेला पान आणि फूल एकच. सेवन स्पर्धेबाहेरचं होतं आणि खेळाशी संबंध नव्हता हे सिद्ध केलं तर तीन महिने बंदी. उपचार कार्यक्रम पूर्ण केला तर ती एका महिन्यावर येऊ शकते.