गमबूट माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. तिच्या कॉलेजच्या मागे चौदा-पंधरा एकर माळ आहे. दर रविवारी सकाळी मुलं तिथं घाणेरी आणि काँग्रेस गवत काढायला जातात. वरच्या वर्गातली मुलं नव्यांच्या हातात कुदळ देतात, अशी तिथली जुनी प्रथा आहे म्हणे. हिला त्याचं वेडच लागलंय. पहिल्या वर्षी ७८ टक्के होते, आता ७३ आले. नातेवाईक विचारतात, पोरीला खुरपायला कॉलेजात घातलीय का? आम्ही शेती सोडून दुकान टाकलं ते यासाठी नव्हे. मी तिचे गमबूट माळ्यावर टाकले, तरी ती साध्या कॅनव्हासच्या बुटात जाते. तिला आयएफएस म्हणजे वनसेवेत जायचंय. त्यासाठी आतापासून दीड लाखाचा क्लास लावू का? एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं सर्टिफिकेट न जाता मिळेल का? ओळख आहे. आणि जायचंच असेल, तर तिथं हजार झाडं लावायचा कार्यक्रम घ्यावा, पाहुणे बोलवावेत, म्हणजे बायोडेटाला फोटो तरी होईल.
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात टक्के आहेत, दीड लाख आहेत, पाहुणे आहेत. मी मात्र गमबुटांच्या ओळीवर अडकलो.

साताऱ्याकडच्या खडकाळ माळावर फुरसं असतं. फूट-दीड फुटाचं, मातीच्या रंगाचं, दगडाच्या सांदीत नाहीतर गवताच्या बुडाशी बसलेलं. पाय अगदी जवळ पडेपर्यंत ते दिसत नाही. घोणसही असते. चावा बहुधा घोट्याच्या आसपास नाहीतर हाताच्या बोटांना बसतो. म्हणून माळावर काम करणाऱ्याच्या पायात पोटरीपर्यंतचे बूट आणि हातात जाड मोजे लागतात. झुडपात हात घालण्याआधी ते काठीनं झोडपायचं. दगड हलवायचा तर पलीकडची कड कुदळीनं उचलून आपल्याकडे ओढायचा, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडे निघून जातं. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. हे सगळं मुलांना तिथं शिकवलेलं असेल, असं मी धरून चालतो. तुम्ही मात्र त्यातली पहिलीच गोष्ट काढून घेतलीत. मुलगी थांबली नाही, फक्त तिचे पाय उघडे पडले. हे उत्तर वाचून झालं की आधी माळ्यावर चढा. बूट उलटे करून झटका, आत विंचू असू शकतो, आणि तिला द्या. क्लासचं नंतर बोलू.

दुसरी गोष्ट, आज ती तुमच्या देखत कॅनव्हासचे बूट घालून बाहेर पडते. तुम्ही तेही काढून घेतलेत, की जादा तासाचं कारण सांगून पडेल. तिनं अजून खोटं बोलायला सुरुवात केलेली नाही, ही तुमची मिळकत आहे. ती सांभाळा.

आता मार्क. पाच टक्के कुठल्या विषयात गेले, हे पत्रात कुठंच नाही. गुणपत्रिका समोर ठेवून बघा. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राची मुलं बहुधा घसरतात ती रसायनशास्त्राच्या पेपरात, आणि रविवारी सकाळी घाणेरी उपटल्यानं सेंद्रिय रसायन कच्चं राहत नाही. एनएसएसचा हिशेब वर्षाला १२० तासांचा असतो, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. रविवारी तीन तास धरले, तर चाळीस रविवारांत वर्ष पुरं होतं. एवढ्या वेळाने निकाल पडत असेल, तर बाकीच्या सहा दिवसांत काय चाललंय ते विचारा.

नातेवाईकांच्या टोमण्यानं तुम्हाला लागलं, ते मी समजू शकतो. शेतातल्या कष्टातून बाहेर पडलेल्या घरात लेकीच्या हातात पुन्हा विळा दिसला, की पोटात कालवतं. पण निदान साताऱ्यात तरी हा टोमणा ऐकून घेऊ नका. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, ज्या शहरात १९४७ साली ‘कमवा आणि शिका’वर चालणारं कॉलेज उभं राहिलं, तिथं कॉलेजातल्या पोरीच्या हातातल्या कुदळीची लाज वाटावी? एनएसएससुद्धा सुरू झाली ती गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत. विद्यार्थ्यांनी हातानं काम करावं, हाच तिचा पाया होता.

सर्टिफिकेटचं स्पष्टच सांगतो. ओळखीनं मिळेलही. काही ठिकाणी त्याचे क्रेडिट असतात, काही ठिकाणी वाढीव गुण; तिच्या कॉलेजचा नियम काय, ते एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी सांगतील. पण तिनं खरोखर भरलेले तास आणि तुमच्या ओळखीची सही या दोन्हींची किंमत तुमच्या लेखी एकच आहे, हे तिला कळेल. आणि उद्या मुलाखतीत कोणी विचारलं, “माळावर काय केलंत?” ती म्हणाली, “घाणेरी काढली.” “कशी काढली?” तिथं ओळख उपयोगी पडत नाही.

कशी काढतात, ते तुम्हीही वाचा, म्हणजे हे खुरपणं नव्हे हे ध्यानात येईल. घाणेरी, कोणी टणटणी म्हणतं, वरून छाटली की बुडख्यातून दुप्पट फुटते. सगळं खोड मुळासकट खणून काढावं, तर वावभर जमीन उकरली जाते आणि त्या मोकळ्या मातीत आधी काँग्रेस गवत येतं. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली, कुदळीच्या एका-दोन घावांत तोडायचं. नेम त्या गाठीच्या वर बसला की मेहनत वाया. मग अख्खं झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं, नाहीतर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या पुन्हा मुळं धरतात. हे फळं धरायच्या आत व्हायला हवं. फळं पिकली की बुलबुल ती खातात आणि जिथं बसतात तिथं बिया टाकतात. त्यामुळं पुढची दोन-तीन वर्षं पहिल्या पावसानंतर बोरी-बाभळीखाली रोपं शोधत फिरावं लागतं. बहुतेक मोहिमा फसतात त्या इथंच. पहिल्या वर्षी शंभर मुलं येतात, तिसऱ्या वर्षी रोपं उपटायला सहा. प्रथा आहे म्हणून तो माळ टिकला असेल, उत्साहावर टिकला नसता.

काँग्रेस गवताची तऱ्हा वेगळी. ते फुलायच्या आत, पावसानं माती मऊ असताना मुळासकट उपटायचं. फुललेलं उपटलं तर आपणच बी पेरत नेतो, आणि एका झाडाला हजारोंनी बिया असतात. उघड्या हातानं हाताळलं की काहींच्या अंगावर चट्टे उठतात, परागांनी दमा बळावतो. मुलीला ॲलर्जी असेल, तर तिनं हे काम दुसऱ्याला द्यावं आणि घाणेरीवर राहावं.

आता तुमची हजार झाडं. हा समज इतका पसरलाय, की त्यावर जरा थांबतोच. झाड नाही म्हणजे जमीन ओसाड, असं आपण धरून चालतो. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ माळ वर्षानुवर्षं पडीकच धरले गेले. पण तुम्ही कासच्या जवळ राहता. कासच्या पठारावर खड्डे काढून हजार गुलमोहर लावा, असं कोणी म्हणालं तर तुम्हीच त्याला वेड्यात काढाल. कासचा कातळ आणि तुमच्या कॉलेजचा माळ एकसारखे नाहीत, पण तत्त्व तेच आहे. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवतं उन्हाची. सावली पडली की ती मरतात आणि त्यांच्यावर जगणारे चंडोल, तित्तिर, ससे, खोकड निघून जातात. त्यात वृक्षारोपणाचा खड्डा दीड-दोन फूट खोल. हजार खड्डे म्हणजे गवताच्या मुळांनी बांधलेल्या जमिनीत हजार जखमा, आणि प्रत्येक जखमेत केशरी कॉसमॉस नाहीतर काँग्रेस गवत. रोपंही बहुधा गिरिपुष्प नाहीतर सुबाभळीची आणतात, कारण ती तगतात. तगतात म्हणूनच ती नकोत. कापली की फुटतात, बी पडलं की पसरतात, आणि दहा वर्षांनी तीच काढायला मुलांना रविवारी बोलवावं लागतं. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात बोलवा, मुलांबरोबर पिकलेल्या गवताचं बी गोळा करायला. फोटो चांगला येत नाही, एवढीच अडचण.

क्लासचं उत्तर ‘नाही’. वनसेवेला वनस्पतिशास्त्राची पदवी चालते, वय किमान २१ लागतं, पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवांबरोबरच होते आणि मुख्य परीक्षेला दोन वैकल्पिक विषय असतात. एमपीएससीतून राज्याच्या वनसेवेचा रस्ता आहेच. दुसऱ्या वर्षाला असताना त्यासाठी दीड लाख टाकणं म्हणजे रोप लावायच्या आधी कुंपण घालणं. पदवीची पुस्तकं नीट वाचणं हीच सध्या वैकल्पिक विषयाची तयारी. आणि हो, वनसेवेला निवड होताना मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. ते खुर्चीत बसून होत नाही.

पण मुळात तिला अधिकारी व्हायचंय, याबद्दल मला शंका आहे. तुमच्याच पत्रात ती वर्दीबद्दल एक शब्द बोलत नाही, बोलते ती माळाबद्दल. घरी टिकेल असं एखादं नाव सांगावं लागतं, म्हणून मुलं आयएफएस म्हणतात. तिला कदाचित गवतं, परिसंस्था, उजाड जमिनी पूर्ववत करणं यात काम करायचं असेल. ते खरंखुरं शास्त्र आहे. अमेरिकेत मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाचं आर्बोरेटम, म्हणजे झाडाझुडपांचं संशोधन-उद्यान, १९३४ साली सुरू झालं. तिथं नांगरून दमलेल्या शेतजमिनीवर पुन्हा गवताळ प्रदेश उभा केला. सुरुवातीचं बरंचसं हातकाम सरकारी योजनेतल्या बेकार तरुणांनी केलं, आणि आजही स्वयंसेवक तिथं परकी झुडपं कापतात, बी गोळा करतात. त्या ‘मजुरी’वर कित्येक पीएच.डी. झाल्या आहेत. तिथं गवत ठरवून जाळतातही. ते आपल्याकडे मुलांनी करायचं नाही. इकडे १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधी कडेचं गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून ठेवायचा पट्टा, मोकळी करावी आणि जाळायचं काही असेल ते वनखात्यावर सोडावं.

तिच्यासाठी रस्ते असे : शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग जवळच आहे, वर्गीकरणशास्त्रात आणि खर्चुडी (सेरोपेजिया) या वनस्पतीच्या प्रजातींवर तिथं मोठं काम झालंय. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं पदव्युत्तर शिक्षण आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) इथं जागा मोजक्या, आणि प्रवेशाच्या वेळी तुम्ही प्रत्यक्ष जमिनीवर काय पाहिलंत हे खोदून विचारतात. बी.एस्सी. फॉरेस्ट्री, दापोली-अकोल्याची, बारावीनंतरची. ती गाडी गेली, आणि हळहळण्याचं कारण नाही.

दीड लाखाऐवजी तिला दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग घेऊन द्या, काहीशे रुपयांत येतं. गवत ओळखायचं तर त्याचा तुरा भिंगाखाली धरून एकेक कणिश पाहावं लागतं, पान बघून फसगत होते. माळावर एक मीटर बाय एक मीटरच्या पाच चौकटी तिनं कायमच्या आखाव्यात, कोपऱ्यांना रंगवलेले दगड पुरून. दोन घाणेरी काढलेल्या जागी, दोन न काढलेल्या जागी, एक चांगल्या गवतात. दर महिन्याला त्याच तारखेला, त्याच उंचीवरून फोटो, आणि वहीत गवतांची नावं, नवी रोपं किती, फुलोरा कशाला. गवताचे नमुने परवानगीनं घ्यायचे, मुळासकट, आणि लांब असेल तर मोडून नागमोडी घडी घालून रद्दीत दाबायचे. पावसाळ्यात कागद रोज बदलले नाहीत तर चौथ्या दिवशी बुरशी येते, सगळेजण एकदा तरी फसतात. दोन पावसाळ्यांची अशी वही कुठल्याही निवड समितीपुढं ठेवता येते. सर्टिफिकेट तिच्या शेवटच्या पानाला चिकटवा हवं तर.

पुढचं पत्र तिनं लिहावं, आणि तुम्ही ते न वाचता पेटीत टाकावं. त्यात रसायनशास्त्रात नेमकं काय अडतंय, ते मात्र तिनं लिहिलंच पाहिजे.