सोलापुरात राहून, साध्या लॅपटॉपवर गेम डिझाईन आणि थ्रीडी मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ उभा राहील का?

तुम्ही बारावीला आहात, घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. पुण्याला क्लास लावल्याशिवाय पोर्टफोलिओ होईल का आणि त्यासाठी कोणते प्रोजेक्ट करावेत, असं विचारलंय. होतो, नक्की होतो. मी सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा लॅपटॉपही तसाच आहे. पण कोणते प्रोजेक्ट करावेत हे सांगण्याआधी माझा फसलेला प्रोजेक्ट सांगते, कारण सुरुवातीला जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात तोच असतो.

मला आपला भुईकोट किल्ला करायचा होता. आख्खा. दुहेरी तटबंदी, बुरूज, खंदक, शेजारी सिद्धेश्वर तलाव आणि त्यात मधोमध मंदिर, सगळीकडे फिरता आलं पाहिजे. सहा महिने कॉलेजवरून आले की ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, उघडायचं, एवढंच चाललं होतं. एका बुरुजाचा चिरा न् चिरा मी वेगळा घडवला आणि त्या एकट्या बुरुजाचे सहा लाख त्रिकोण झाले (थ्रीडी आकार अशा छोट्या त्रिकोणांनीच बनतो, जितके त्रिकोण जास्त तितकं मशीनला ओझं). गोडोमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणला तर सेकंदाला ९ फ्रेम, म्हणजे पडद्यावर फक्त ९ चित्रं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालायचा तर एका फ्रेमसाठी मशीनच्या हातात साधारण १६ मिलिसेकंद असतात, ३० फ्रेमने चालायचा तर ३३. त्या वेळेत काय काय बसवायचं याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

तो दोष नंतर दुरुस्त झाला. बुरुजाचा साधा आकार ठेवायचा, चिऱ्यांचे उंचसखल भाग नॉर्मल मॅपमध्ये बेक करायचे, म्हणजे आकारावर चढवायच्या एका चित्रात उतरवायचे, म्हणजे प्रकाश पडल्यावर दगड वेगळे वेगळे दिसतात आणि त्रिकोण मात्र दीड-दोन हजारांवर राहतात. दुसरा दोष दुरुस्त होण्यासारखा नव्हता. मावसभावाला गेम खेळायला दिला. तो दोन मिनिटं तटावरून फिरला आणि म्हणाला, “छान आहे गं ताई. आता काय करायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांत मी मॉडेलिंग केलं होतं, गेम डिझाईन केलंच नव्हतं. तुमच्या प्रश्नातही हे दोन्ही एका दमात आलंय, म्हणून सांगते: दोन्हीचा सराव वेगवेगळा करा. गेमचा विचार कागदावर आणि मॉडेलिंग एकेका वस्तूवर.

माझा खरा पहिला गेम वडिलांच्या कारखान्यातून आला. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर आहेत, माग बिघडला की दुरुस्त करतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपण सगळे अभिमानाने सांगतो, पण चादरीवरचा मोर कापडात उतरतो कसा, हे मला विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मागाच्या वर जेकार्ड असतं. फ्रान्समध्ये ल्यों शहरातल्या जाकार नावाच्या विणकराने १८०४ च्या सुमारास आणलेली युक्ती. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यातून फिरते. जिथे भोक आहे तिथला ताण्याचा म्हणजे उभा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच राहतो, आणि मधून धोटा, म्हणजे इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, बाण्याचा म्हणजे आडवा धागा घेऊन जातो. एक पुठ्ठा म्हणजे कापडातली एक आडवी ओळ. वडिलांनी हे समजावून दिलं तेव्हा मी तिथेच म्हणाले, पप्पा, हा गेम आहे.

खेळणाऱ्याला नक्षी दाखवायची, त्याने पुठ्ठ्यावर भोकं पाडायची, माग चालवायचा, कापड जुळलं तर पुढची नक्षी. बस, एवढंच. कॉम्प्युटरला हात न लावता पंधरा दिवस मी हे आलेख वहीच्या कागदावर खेळवलं, आठ बाय आठ चौकोन आणि पेन्सिल. कारखान्यातले एक काका, तीस-पस्तीस वर्षं माग चालवलेले, जेवणाच्या सुट्टीत खेळायला बसले. त्यांनी झरझर भोकं पाडली आणि माझ्या नियमाप्रमाणे सगळंच चुकलं. मी वरच्या ओळीपासून सुरुवात धरली होती, आपण वहीत लिहितो तशी. त्यांनी खालून सुरू केलं होतं. मी म्हटलं, “काका, वरून सुरू करायचंय.” ते म्हणाले, “वरून कसं? कापड खालून वर चढतंय की.” मागासमोर उभं राहिलं की विणलेलं कापड आपल्या बाजूला असतं आणि नवीन धागा पलीकडच्या कडेला बसतो. त्यांच्या नजरेला नक्षी कायम खालूनच वाढत आलेली आहे.

त्या रात्री मी नियम उलटा केला. गोडोमध्ये करताना कापड खालून एकेक ओळ चढताना दिसू लागलं, आणि ज्यांनी आयुष्यात माग पाहिला नाही त्या मैत्रिणींनाही सूचना न वाचता गेम कळला. कारण भोक पाडलं की काय होतं, ते आता डोळ्यांसमोर घडत होतं. पोर्टफोलिओत मी गेमच्या चित्रांच्या आधी तो आलेख कागद ठेवलाय, काकांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि खाली तीन ओळींत लिहिलंय की काय बदललं आणि का. आतापर्यंत ज्या ज्या जाणकारांना पोर्टफोलिओ दाखवला ते त्याच पानावर थांबले आणि त्यावरच प्रश्न विचारले.

आता मॉडेलिंग. त्याच गेमसाठी मी एक धोटा केला. लाकडी, सव्वा फुटाच्या आसपास, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात धागा गुंडाळलेली कांडी बसते ती खोबण आणि धागा बाहेर येतो ते छिद्र. वडिलांच्या व्हर्नियरने मापं घेतली, चारी बाजूंनी फोटो काढले. पहिल्यांदा मी लाकडाला सगळीकडून सारखेच ओरखडे दिले आणि ते खोटं दिसायला लागलं. मग खरा धोटा खिडकीत तिरपा धरून पाहिला. तळाची बाजू आणि मागाच्या फणीला घासणारी बाजू आरशासारखी गुळगुळीत झाली होती, वरच्या कडांवर मात्र लाकूड अजून कोरडं होतं. वस्तू कुठे झिजली आहे ते पाहिलं की ती कशी वापरली जाते ते कळतं. त्याप्रमाणे रफनेस मॅप रंगवला, म्हणजे पृष्ठभाग कुठे गुळगुळीत आणि कुठे खरबरीत ते सांगणारं चित्र. सगळा मिळून १,२०० त्रिकोण आणि १०२४ पिक्सेलचं एक टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र. सहा लाखांच्या बुरुजापेक्षा हा धोटा मला जास्त प्रिय आहे.

यूव्ही अनरॅपला, म्हणजे चित्र चढवण्यासाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडण्याला, सगळे घाबरतात, तुम्हीही घाबराल. बिस्किटाच्या पुड्याचा खोका कडांवर कापून जमिनीवर सपाट पसरा, तेच ते आहे. कापायची शिवण नजरेआड जाईल अशा जागी ठेवायची. पसरल्यावर बुद्धिबळाच्या पटासारखं टेक्श्चर लावून बघा. जिथे चौकोन ताणलेले दिसतील तिथे शिवण चुकली. आणि ब्लेंडरमधून जीएलटीएफ, म्हणजे गोडोत न्यायची मॉडेलची फाईल, काढण्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, म्हणजे लहान-मोठं केलेलं माप पक्कं होतं. एकदा मी हे विसरले आणि गेममधला धोटा मागापेक्षा मोठा निघाला. दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होते.

लॅपटॉपची काळजी सोडा. ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, गोडो २०१४ पासून. दोन्ही फुकट आहेत, आणि छोटी मॉडेल्स ८ जीबीवर नीट चालतात. गोडोत चित्र काढणारा कम्पॅटिबिलिटी रेंडरर निवडा, तो साध्या मशीनसाठीच आहे. ब्लेंडरमध्ये रोजच्या कामाला ईव्ही हा झटपट चित्र दाखवणारा पर्याय वापरा, सायकल्स या हळू पण जास्त खरं दिसणाऱ्या पर्यायाचं रेंडर रात्री लावून झोपा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो, म्हणून मी पहाटे पाच ते आठ काम करते. माउस मात्र तीन बटणांचा हवाच, टचपॅडवर मॉडेलिंगचा जीव जातो.

क्लासबद्दल स्पष्ट सांगते. एका क्लासने मला नोकरीची हमी देऊन भरमसाठ फी सांगितली होती. त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम मागितलं तर सगळ्यांचा तोच एक बंगला आणि तीच एक कार. रीतसर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईकडून होणारी यूसीड ही डिझाईनच्या पदवीची प्रवेश परीक्षा बघा. बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते, पण फक्त दोनदाच, तीही लागोपाठच्या वर्षांत. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची डॅट परीक्षा वेगळी. दोन्हीकडे हाताने चित्र काढावं लागतं, म्हणून आजपासून स्केचबुक ठेवा. मी हे बारावीत केलं नाही, तेव्हा मला माहीतच नव्हतं, आणि त्याची रुखरुख आहे. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला, तो जरूर पाहा. आपल्याकडचं स्थापत्य आणि चित्रकला गेममध्ये कशी उतरते ते त्यात दिसतं.

पहिला प्रोजेक्ट म्हणून घरातलं शेंगा चटणीचं उखळ घ्या. गोल आहे, त्यामुळे नवशिक्याला जमण्यासारखं आहे. ब्लेंडरमध्ये बाजूची अर्धी रेघ काढून स्क्रू मॉडिफायरने फिरवली की आकार तयार होतो. आधी माप घ्या आणि आत बोट फिरवून पाहा, तळ कुठे खोल गेलाय, तेलाचा काळपट डाग कुठवर चढलाय. तो डाग रंगवण्यातच तुमचे चार दिवस जातील, ते जाऊ द्या. आणि गेमसाठी बारावीची परीक्षा होईपर्यंत फक्त कागद, पेन्सिल आणि खेळून बघणारी तीन माणसं, त्यात एक तरी पन्नाशीच्या पुढचं असू द्या. उखळाची यूव्ही अडकली तर स्क्रीनशॉट पाठवा. शिवणी दिसतील असा काढा, म्हणजे कुठे कापायचं ते मी त्यावर खूण करून देईन.