‘कृत्रिम’ म्हणजे खोटे नव्हे

सोलापूरच्या विद्यापीठात संगणक-सुरक्षेवर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की प्रबंधाच्या मराठी सारांशात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ लिहावे की ‘यंत्रबुद्धी’. ‘कृत्रिम’ला खोटेपणाचा वास येतो, असे तिच्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. शिवाय ‘बुद्धी’ बरी की ‘बुद्धिमत्ता’, हाही तिचा प्रश्न आहे.

‘कृत्रिम म्हणजे नकली’ हे समीकरण व्याख्यानांतून इतक्यांदा कानी पडते, की त्याचा आता वीट आला आहे. निदान सोलापूरकरांनी तरी ते मांडू नये. उजनी भरलेले असताना शहरातले नळ कोरडे पडतात, तेव्हा आपण त्यास ‘कृत्रिम पाणीटंचाई’ म्हणतो. ती टंचाई खोटी असते काय? घागर खरोखरच रिकामी असते. टंचाई निसर्गाने नव्हे, माणसाने घडवली, एवढेच ते विशेषण सांगते.

व्युत्पत्तीही याहून वेगळे सांगत नाही. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या यादीत) ‘करणे’ या अर्थाचा कृ धातू ‘डुकृञ्’ असा दिला आहे. त्याला पाणिनीने ‘ड्वितः क्त्रिः’ या सूत्राने ‘क्त्रि’ प्रत्यय सांगितला आणि त्यापुढे ‘म’ नित्य जोडला. तेव्हा कृत्रिम म्हणजे करण्यातून सिद्ध झालेले. त्याच रीतीने पच् धातूपासून ‘पक्त्रिम’ होते, आणि शिजवून तयार झालेल्या भाताला कोणी नकली म्हणत नाही.

परंतु खरी गंमत पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्यात आहे. ‘कृत्रिमाकृत्रिमयोः कृत्रिमे कार्यसंप्रत्ययः’, म्हणजे शास्त्राने ठरवून दिलेला आणि लोकांत चालणारा असे एखाद्या शब्दाचे दोन अर्थ समोर आले, तर ठरवलेला, अर्थात कृत्रिम, तो घ्यावा. पतंजलीचा दाखला असा, की ‘गोपालकाला आण’ म्हटल्यावर त्या नावाचा माणूस आणला जातो, गाई राखणारा नव्हे. संगणकाची आज्ञावली नेमकी याच न्यायाने चालते: चलाला (व्हेरिएबलला) ‘वय’ हे नाव दिले, तरी यंत्राला वय म्हणजे काय ते कळत नाही, त्या नावाशी जे मूल्य बांधले असेल, तेच ते उचलते. ज्यांनी ‘कृत्रिम’ हा प्रतिशब्द निवडला त्यांच्या मनात पतंजली नसणारच, तरीही या विद्येला याहून समर्पक विशेषण मला दिसत नाही. (वैयाकरणांनी ‘उभयगतिरिह भवति’, म्हणजे इथे दोन्ही अर्थ घेता येतात, असे म्हणून पतंजलीच्या या नियमाला मुरड घातली आहे, हे दाखवून देण्याची तसदी कोणी घेऊ नये.)

‘यंत्रबुद्धी’चा आग्रह धरणाऱ्या परिभाषापंडितांना एवढेच विचारावे, की मराठीत ‘यंत्रवत’ म्हणजे विचार न करता, हे ते कसे विसरले?

सुरक्षेच्या संशोधनात तर कृत्रिम आणि बनावट यांतील भेद पाळलाच पाहिजे. 1998 साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालींच्या चाचणीसाठी संगणक-जाळ्यावरील वाहतूक स्वतःच निर्माण केली. ती विदा (डेटा) कृत्रिम होती, बनावट नव्हती; पुढे तिच्यावर टीका झाली, ती प्रत्यक्षातील वाहतुकीशी तिचे साम्य कितपत, या मुद्द्यावर. दुसऱ्याचा चेहरा चिकटवून केलेली फसवी चित्रफीत मात्र बनावटच. सारांशात ‘बनावट विदा वापरली’ असे लिहिल्यास परीक्षक पदवी रोखतील, आणि ते योग्यच होईल.

राहिला बुद्धीचा प्रश्न: ‘बुद्धिमत्ता’ रूढ झाली आहे, तीच ठेवावी.